टिप्पणीतील शुद्धलेखन आणि परीक्षणाचा भार : लिनक्स कर्नलच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाच्या कोणत्याही आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर एकत्र नांदत असतो. एक यंत्रासाठी लिहिलेला व दुसरा माणसासाठी. पहिल्यास कोड म्हणतात. दुसऱ्यास प्रोग्रामर मंडळी 'कमेंट' म्हणतात, आपण त्यास टिप्पणी म्हणू. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर टिप्पणीपाशी आला की ती ओलांडून सरळ पुढे जातो. अर्थात् टिप्पणीतील एखाद्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकलेले असले काय किंवा बरोबर असले काय, यंत्राच्या वर्तनात तिळमात्र फरक पडत नाही. असे असता, मुक्त-स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो अशा प्रकल्पांत, टिप्पणीतील स्पेलिंगच्या दुरुस्त्या स्वीकाराव्या की नाकाराव्या, स्वीकारल्या तर कोणी तपासाव्या, ह्या प्रश्नाभोवती गेल्या तीस वर्षांत लेखी नियम झाले, त्यासाठी स्वतंत्र माणसे नेमली गेली, खास उपकरणे तयार झाली आणि कटुताही पुष्कळ निर्माण झाली. ज्या बदलाचा परिणाम शून्य, त्याची चर्चा एवढी का व्हावी, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. विवेचन मुख्यतः लिनक्स कर्नलपुरते मर्यादित ठेवले आहे. कारण तेथील नियम लेखी आहेत व त्यांतील फेरबदलही नोंदले गेलेले आहेत.

साधनांविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. २००५ सालच्या एप्रिलपासून कर्नलचा प्रत्येक बदल गिट नावाच्या नोंदपद्धतीत साठविला जातो. कोणती ओळ कोणी, केव्हा व कोणते कारण देऊन बदलली हे त्यावरून तत्काळ सांगता येते. इतिहासाच्या अभ्यासकास एवढे बारकाईने ठेवलेले दप्तर क्वचितच लाभते. परंतु ह्या दप्तराची एक मर्यादा आहे : त्यात फक्त स्वीकृत बदल आहेत. जे नाकारले गेले, ज्यांस कोणी उत्तरच दिले नाही, ते केवळ जुन्या पत्रव्यवहारात उरले आहेत. गिटमधील नोंदींवरूनच मत बनविणाऱ्यास त्यामुळे हा इतिहास वास्तवापेक्षा फार शांत वाटण्याचा संभव आहे.

ह्या प्रश्नाचे मूळ कर्नलपेक्षा जुने आहे व ते एका उपकरणाच्या रचनेत आहे. दोन फायलींतील फरक दाखविणारा 'डिफ' हा प्रोग्राम बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी लिहिला व तो १९७४ च्या युनिक्स आवृत्तीत आला. पुढे १९८५ साली लॅरी वॉल ह्यांनी 'पॅच' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. डिफने काढलेली फरकांची यादी दूरच्या माणसाने आपल्या प्रतीस लावून घ्यावयाची, हे त्याचे काम. तेव्हापासून अशा यादीसही पॅच हेच नाव पडले. मूळ फाइल दरम्यान थोडी बदललेली असली तरीही पॅच योग्य जागी बसावा म्हणून बदललेल्या ओळींच्या वरच्या व खालच्या काही ओळी, बहुधा तीन तीन, संदर्भादाखल सोबत पाठविल्या जातात. ह्या संदर्भाच्या ओळींत टिप्पणी आणि कोड असा भेद नसतो. समजा, 'अ' ने टिप्पणीतील एक अक्षर सुधारले आणि त्याच सुमारास त्या टिप्पणीच्या खालील कोड बदलणारा 'ब' चा पॅच वाटेत आहे. 'ब' च्या पॅचमध्ये संदर्भ म्हणून जुनी, चुकलेली ओळ आहे. आता ती फाइलमध्ये सापडत नाही. यंत्राने थोडीफार विसंगती चालवून घेतली तर ठीक, नाहीतर कोणा तरी माणसाला बसून दोहोंचा मेळ घालावा लागतो. यंत्रासाठी शून्य असलेला बदल माणसासाठी शून्य राहत नाही, तो येथे. ह्या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यास पुढील सर्व वाद निव्वळ स्वभावदोषाचे वाटू लागतात.

लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ च्या सप्टेंबरात लिनक्सची पहिली प्रत प्रसिद्ध केली तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्यांची मातृभाषा स्वीडिश. त्या प्रतीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. २०२० च्या सुमारास ही संख्या दोन कोटी सत्तर लाखांच्या पुढे गेली. ह्या ओळी लिहिणाऱ्यांत जर्मन, फ्रेंच, ब्राझिली, जपानी, चिनी, भारतीय अशा सर्व प्रकारच्या मंडळींचा भरणा आहे आणि त्यांतील फार मोठ्या संख्येस इंग्रजी ही शिकून घेतलेली भाषा आहे. तेव्हा टिप्पण्यांत अशुद्धे असणे हे आश्चर्य नव्हे. मात्र मातृभाषा इंग्रजी असणारे स्पेलिंग चुकत नाहीत असा समज करून घेण्याचेही कारण नाही. ह्या क्षेत्रातील दोन सर्वांत प्रसिद्ध चुका त्यांच्याच आहेत.

त्यांतील एक केन टॉम्प्सन ह्यांची. युनिक्समध्ये नवी फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेचे नाव 'क्रिएट' असावयाचे, परंतु त्यात शेवटचा 'ई' नाही. युनिक्स पुन्हा रचावयाचे झाल्यास काय बदलाल, असे विचारले असता आपण तो 'ई' लिहू, असे उत्तर टॉम्प्सन ह्यांनी दिल्याचे सर्वश्रुत आहे. दुसरी चूक वेब-व्यवहाराच्या नियमांतील. वाचक कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या शीर्षकाचे नाव 'रेफरर'. त्यातील मधला एक 'आर' गळाला आणि १९९६ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. १९४५ ह्या दस्तऐवजात तो तसाच गळालेला राहिला. तोपर्यंत इतक्या प्रोग्रामांनी ते चुकीचे रूप स्वीकारले होते की दुरुस्ती अशक्य होऊन बसली. गंमत अशी की पुढे त्याच विषयासंबंधी जे दुसरे शीर्षक योजण्यात आले त्यात 'आर' पुरते आहेत. त्यामुळे एका शब्दाची दोन रूपे एकाच व्यवहारात आजही शेजारी शेजारी वावरतात. ह्या दोन्ही उदाहरणांत चूक नावात होती. नाव म्हणजे करार. ते इतरांनी उच्चारलेले असते, म्हणून ते एकट्याने सुधारता येत नाही. टिप्पणी हा करार नव्हे. ती सुधारता येते, आणि सुधारता येते म्हणूनच ती कोणी सुधारावयाची हा प्रश्न उद्भवतो.

पहिली काही वर्षे हा प्रश्न कोणास पडला नाही. पॅच टोरवाल्ड्स ह्यांच्याकडे ई-पत्राने जात, ते वाचीत, पटल्यास घेत. १९९८ च्या शरदात प्रथम असे उघड झाले की एक माणूस ह्या ओघास पुरा पडत नाही. पाठविलेले पॅच उत्तराविना नाहीसे होऊ लागले. पाठविणारे पुन्हा पुन्हा पाठवू लागले. २००२ च्या जानेवारीत रॉब लँडली ह्यांनी, ह्या कामासाठी एखादा स्वतंत्र पॅच-सांभाळकर्ता नेमावा, अशी जाहीर सूचना केली. टोरवाल्ड्स ह्यांनी ती मानली नाही. आपण विश्वासातील थोड्या लोकांमार्फत काम घेतो व तेच वाढत्या कामास झेपणारे आहे, असा त्यांचा पक्ष होता. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत बिटकीपर ही नोंदपद्धती स्वीकारली गेली व ओघ काहीसा आवरला.

ह्याच कालखंडात ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल ह्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतले. क्षुल्लक पॅच त्यांच्याकडे पाठवावेत, त्यांनी ते जमवावेत, चाळावेत आणि गठ्ठ्याने पुढे द्यावेत. ह्या पदास त्यांनी दिलेले नाव 'ट्रिव्हियल पॅच मंकी', म्हणजे क्षुल्लक पॅचांचे माकड, असे आहे. त्यात विनोद आहे व थोडी आत्मविडंबनाची छटाही आहे. परंतु काम विनोदी नव्हते. मुख्य परीक्षकाचा वेळ आणि अनोळखी माणसाचा उत्साह ह्यांच्यामध्ये उभे राहणारा असा कोणी तरी हवा होता. पुढे हे काम एड्रियन बंक, येस्पर युल व यिर्शी कोसिना ह्यांच्याकडे क्रमाने गेले आणि त्याचा पत्ता कर्नलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत छापला गेला.

त्या मार्गदर्शिकेत क्षुल्लक कशास म्हणावे ह्याची जी यादी होती ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. दस्तऐवजांतील स्पेलिंगच्या दुरुस्त्या तिच्यात होत्या. त्यानंतर स्पेलिंगचाच दुसरा प्रकार होता : 'ग्रेप' ह्या शोधक प्रोग्रामच्या कामात ज्यांमुळे अडथळा येईल अशा चुकांच्या दुरुस्त्या. कोडमधील टिप्पणीत चूक आहे, एवढेच कारण ह्या यादीस पुरेसे नव्हते. हा भेद केवळ लहरीचा म्हणता येणार नाही. दस्तऐवज हा वाचण्यासाठीच लिहिलेला असतो; त्याची शुद्धता हा त्याच्या कार्याचाच भाग आहे. टिप्पणी मात्र सलग कोणी वाचीत नाही. ती शोधताना सापडते. कोट्यवधी ओळींत एखादी जुनी, वापरातून काढावयाची पद्धत कोठे कोठे राहिली आहे हे पाहणारा प्रोग्रामर 'डेप्रिकेटेड' हा शब्द शोधतो. एखाद्या टिप्पणीत त्या जागी 'डेप्रिशिएटेड', म्हणजे किंमत घटलेली, असा शब्द पडला असेल तर ती जागा त्याच्या हाती लागत नाही. शिवाय दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रासही संशय येत नाही. माझ्या मते 'ग्रेप' ची ही कसोटी म्हणजे ह्या सर्व इतिहासातील सर्वांत समंजस नियम होय. चूक डोळ्यास खुपते का, हा प्रश्न तिने बाजूस सारला व चुकीमुळे कोणाचे काम अडते का, हा प्रश्न पुढे आणला. पुढील काळात ह्या नियमाचा आशय फारसा कोणी उलगडून सांगितला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दरम्यान दोन घटनांनी लहान पॅचचे स्वरूपच पालटले. २००३ साली एस.सी.ओ. कंपनीने आय.बी.एम. वर दावा लावला व कर्नलमधील कोड कोणाच्या मालकीचा हा प्रश्न न्यायालयात गेला. त्याचा परिणाम म्हणून २००४ च्या मे महिन्यात प्रत्येक पॅचखाली पाठविणाऱ्याने आपल्या नावाची सही करावी, हा बदल देण्याचा मला अधिकार आहे असे त्याद्वारे प्रमाणित करावे, अशी पद्धत टोरवाल्ड्स ह्यांनी सुरू केली. पुढच्याच वर्षी बिटकीपरची फुकट परवानगी काढून घेतली गेल्यामुळे गिट अस्तित्वात आले. आता एका अक्षराच्या दुरुस्तीसही शीर्षक, कारण, सही आणि कायमची नोंद आवश्यक झाली. एक अक्षर बदलण्यासाठी त्याभोवती दहा-बारा ओळींचा पत्रव्यवहार जन्मास येऊ लागला. आणि परीक्षकास वाचावयाचे असते ते सर्व मिळून.

गिटच्या नोंदीमुळे आणखी एक अडचण निर्माण झाली. ही ओळ शेवटची कोणी बदलली, हे दाखविणारी गिटची आज्ञा 'ब्लेम' ह्या नावाची आहे. एखाद्या अवघड युक्तीचे स्पष्टीकरण करणारी टिप्पणी जिने लिहिली तिचे नाव पाहण्यासाठी अभ्यासक ती आज्ञा देतो, आणि त्याला नाव दिसते ते त्या ओळीतील एक अक्षर सुधारणाऱ्याचे. मूळ लेखिकेपर्यंत पोहोचण्यास आणखी एक पायरी मागे जावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमधील गिट २.२३ आवृत्तीत अशा किरकोळ नोंदी वगळून पाहण्याची सोय झाली. तोवर चौदा वर्षे लोटली होती. कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांची व्यवस्था २००५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नियमांत तर स्पष्टच लिहिले गेले की स्पेलिंगचे वा रिकाम्या जागांचे फेरबदल असलेला क्षुल्लक पॅच तेथे घेतला जाणार नाही. कारण उघड आहे. मुख्य प्रतीत टिप्पणी सुधारली आणि जुन्या स्थिर प्रतीत ती तशीच राहिली की पुढे एखादी खरी, सुरक्षेची दुरुस्ती मागे नेताना संदर्भाच्या ओळी जुळत नाहीत. वर सांगितलेला 'अ' आणि 'ब' चा प्रश्नच येथे वर्षानुवर्षांच्या अंतराने पुन्हा उभा राहतो.

इतके असूनही स्पेलिंगच्या पॅचकडे २००५ पर्यंत तुच्छतेने पाहिले जात होते असे दिसत नाही. सूर बदललेला आढळतो तो २००७–०८ मध्ये. २००७ साली 'चेकपॅच' नावाची तपासणी-आज्ञावली कर्नलमध्ये दाखल झाली. पॅच पाठविण्यापूर्वी त्यातील लेखनशैलीचे दोष लेखकानेच काढावेत व परीक्षकाचा वेळ वाचावा, हा तिचा हेतू. प्रत्यक्षात तिचा दुसराच उपयोग होऊ लागला. आपला नवा पॅच तपासण्याऐवजी लोक जुन्या, वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणाऱ्या फायलींवर ती चालवीत, तिने दाखविलेले दोष एकेक करून सुधारीत व पाठवीत. परीक्षकाचा भार हलका करण्यासाठी केलेल्या उपकरणाने पॅच निर्माण करण्याचा खर्च जवळपास शून्यावर आणला; वाचण्याचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला. २००८ साली जोनाथन कॉर्बेट ह्यांनी कर्नलच्या विकासप्रक्रियेवर लिहिलेल्या मार्गदर्शनात, नवागत लोक बहुधा स्पेलिंगच्या वा शैलीच्या किरकोळ दुरुस्तीने आरंभ करतात, परंतु अशा पॅचांमुळे जो गोंगाट होतो तो सर्वांचे लक्ष विचलित करतो व म्हणून त्यांकडे वाढत्या नापसंतीने पाहिले जाते, अशा आशयाचे विधान आहे. काही वर्षांपूर्वी ज्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावासा वाटला होता, तेच आता गोंगाट ठरले.

तथापि दार पूर्ण बंद झाले नाही. त्याच २००८ साली 'स्टेजिंग' नावाचा एक विभाग कर्नलमध्ये उघडण्यात आला. अपुऱ्या दर्जाचे ड्रायव्हर तेथे ठेवावेत, ते हळूहळू सुधारावेत, आणि नवशिक्यांनी हात बसविण्यासाठी तेथील किरकोळ दोष काढावेत, अशी ही योजना होती. तिचे प्रमुख ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी २०१० साली ब्रसेल्सच्या फॉसडेम परिषदेत पहिला पॅच कसा लिहावा व पाठवावा हे श्रोत्यांना प्रत्यक्ष करून दाखविले. पहिला पॅच लहानच असावा लागतो. त्यात दुरुस्ती काय केली हे गौण असते; शीर्षक नीट लिहिणे, एका पॅचमध्ये एकच गोष्ट करणे, सही करणे, आक्षेप आल्यास न रागावता दुसरी आवृत्ती पाठविणे, हे त्यातून शिकावयाचे असते. आपल्याकडे छापखान्यात नवा मनुष्य मुद्रिते तपासताना ग्रंथाचा घाट शिकत असे, त्यातलाच हा प्रकार. कोणत्याही प्रकल्पाचे पुढील पिढीचे मेंटेनर, म्हणजे एकेका भागाची जबाबदारी पत्करणारे परीक्षक, ह्याच वाटेने येतात. ही वाट बुजविली तर आजचा वेळ वाचेल, उद्याचा परीक्षक मात्र मिळणार नाही. ह्या पक्षात तथ्य आहे, आणि कॉर्बेट ह्यांच्या विधानाशी त्याचा विरोध दिसतो तो बव्हंशी जागेचा आहे : शिकण्याची दुरुस्ती शिकण्याच्या जागी करावी, चालत्या यंत्राच्या गाभ्यात करू नये.

येथे डोनाल्ड नुथ ह्यांची आठवण होते. त्यांच्या पुस्तकातील कोणतीही चूक, मग ती छपाईची का असेना, प्रथम दाखवून देणाऱ्यास ते २.५६ डॉलर देत आले; अमेरिकेत ह्या धनादेशांची चौकट करून भिंतीवर लावण्याची प्रथा पडली. एका लेखकाच्या एका ग्रंथात हे शोभते. लेखक, मालक आणि परीक्षक तेथे एकच व्यक्ती असते व चुकांची संख्या मर्यादित असते. जेथे लेखक हजारो आणि मजकूर दररोज वाढता, तेथे असे औदार्य परवडत नाही. असो.

किरकोळ दुरुस्त्या एकेक घ्याव्या की एकत्र, ह्याची परीक्षा २०११ साली झाली. लुकास दि मार्की ह्या ब्राझिली प्रोग्रामरने 'कोडस्पेल' नावाचे उपकरण तयार केले होते. कोशातील सर्व शब्द बरोबर व बाकीचे चूक, ही नेहमीची रीत कोडच्या बाबतीत चालत नाही. कारण कोडमध्ये कोशाबाहेरील संक्षेप व नावे पावलोपावली असतात. म्हणून कोडस्पेलने उलट मार्ग धरला. नेहमी होणाऱ्या चुकांचीच यादी घ्यावयाची व तेवढ्याच शोधावयाच्या. मूळ यादी विकिपीडियातील सामान्य चुकांच्या सूचीवरून घेतली होती. ह्या उपकरणाने शोधलेल्या आणि नंतर डोळ्यांनी तपासलेल्या दुरुस्त्यांचा एकच प्रचंड पॅच २०११ च्या मार्चअखेर कर्नलमध्ये घेतला गेला. त्याने दोन हजारांहून अधिक फायलींना स्पर्श केला. दोन हजार पत्रांऐवजी एक पत्र, दोन हजार नोंदींऐवजी एक नोंद. संदर्भाच्या ओळी विस्कटण्याचा त्रास सर्वांना एकदमच झाला व एकदमच संपला. मात्र ह्या मार्गातही माणसाची सुटका नाही. चुकांच्या यादीस टॉम्प्सन ह्यांचे 'ई'-विरहित नाव किंवा 'आर' गळालेले वेबचे शीर्षक दोषच वाटणार. ते दोष नसून आता नावे झाली आहेत, हे ओळखण्यास वाचणारा डोळाच हवा. टिप्पणीतले सुधारताना शेजारच्या कोडमधील नाव 'सुधारले' गेले तर शून्य परिणामाचा बदल शून्य परिणामाचा राहत नाही.

२०१४ साली केलेली योजना ह्याहून पुढची आहे. डेबियनच्या 'लिंटियन' ह्या उपकरणातील यादी घेऊन, तीतील चुकीचे इशारे काढून, कर्नलच्या स्वतःच्या संग्रहात सामान्य अशुद्धांची एक फाइल ठेवण्यात आली व चेकपॅच तिचा आधार घेऊ लागले. एका ओळीत चुकीचे रूप, मग एक खूण, मग बरोबर रूप, एवढीच तिची रचना. वरवर पाहता ही क्षुद्र गोष्ट आहे. परंतु तिच्यामुळे दुरुस्तीची वेळ बदलली. चूक छापली गेल्यावर तिऱ्हाइताने सुधारावयाची, ह्याऐवजी लेखकाने पाठविण्यापूर्वीच ती पाहावयाची. शिवाय स्पेलिंग सुधारू इच्छिणाऱ्या तिऱ्हाइतास एक अधिक उपयुक्त काम मिळाले : एक टिप्पणी सुधारण्यापेक्षा ती चूक ह्या यादीत घालणे. ज्यांनी आपली दृष्टी इकडे वळविली त्यांच्या एका ओळीने पुढील कित्येक पॅच वाचविले असे म्हणावयास हरकत नाही.

कर्नलचा व्यवहार ई-पत्राने चालतो व त्यात प्रवेश करावयास थोडे कष्ट पडतात. हे कष्टच एक प्रकारचे कुंपण ठरले. हे कुंपण जेथे नव्हते तेथे काय झाले ते २०२० च्या ऑक्टोबरात दिसले. डिजिटलओशन ही अमेरिकन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' हा उपक्रम चालवीत होती. गिटहब ह्या सेवेवर महिनाभरात चार बदल पाठविणारास एक टी-शर्ट मिळे. त्या वर्षी भारतातील एका लोकप्रिय हिंदी शिक्षणवाहिनीने ह्याचे प्रात्यक्षिक दाखविताना एका प्रकल्पाच्या परिचयपत्रात दोन-तीन स्तुतिपर शब्द घालून दाखविले. त्याच धर्तीचे निरर्थक बदल जगभरच्या प्रकल्पांवर कोसळले. ३ ऑक्टोबर रोजी कंपनीने नियम बदलला व ज्या प्रकल्पांनी स्वतः संमती दिली असेल तेथीलच बदल मोजावयाचे ठरविले. ह्या प्रसंगी भारतीय विद्यार्थ्यांची जी कुचेष्टा झाली तिचे समर्थन करता येणार नाही. बक्षिसाची अट चार बदलांची होती, चांगल्या बदलांची नव्हती, व अट कंपनीची होती. परंतु त्या आठवड्यात ज्यांनी शेकडो विनंत्या एकेक उघडून बंद केल्या त्यांचे श्रम कोणी भरून दिले नाहीत, हेही खरेच.

आतापर्यंत आपण पाहिले ते वेळेचे नुकसान. लहान पॅचमध्ये विश्वासाचाही प्रश्न असतो, हे ह्यानंतरच्या दोन प्रकरणांनी दाखविले. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये, किरकोळ दोष सुधारल्यासारखे दिसणारे पण वस्तुतः नवा दोष आणणारे पॅच खोट्या नावांनी कर्नलकडे पाठवून परीक्षकांची पारख केली व त्यावर निबंध लिहिला. हे पॅच स्पेलिंगचे नव्हते. परंतु युक्ती होती ती बदलाच्या लहानपणावरच बेतलेली. बदल लहान दिसला की वाचणाऱ्याची नजर सैल होते. २०२१ च्या एप्रिलात त्याच गटाकडून संशयास्पद पॅच पुन्हा आले तेव्हा, २१ तारखेस, क्रोआ-हार्टमन ह्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे काहीही यापुढे घेतले जाणार नाही असे जाहीर केले. संशोधकांनी २६ तारखेस निबंध मागे घेतला. पण जे आधीच घेतले गेले होते त्याचे काय? त्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलेल्या ४३५ बदलांचे फेरपरीक्षण झाले व त्याचा अहवाल ५ मे रोजी प्रसिद्ध करण्यात आला. ३४९ बदल योग्य ठरले. ३९ सदोष व दुरुस्तीस पात्र ठरले. २५ आधीच कोणी तरी सुधारलेले होते, १२ कालबाह्य झाले होते, ९ तो गट अस्तित्वात येण्यापूर्वीचे होते व एक त्याच्या लेखकाच्या विनंतीवरून काढण्यात आला. हा हिशेब काळजीपूर्वक वाचला म्हणजे असे दिसते की बहुसंख्य बदल प्रामाणिक होते, तरीही त्यांतील प्रत्येक पुन्हा वाचावा लागला. एकदा विश्वास गेला की निर्दोष बदलाची किंमतही दोनदा मोजावी लागते.

दुसरे प्रकरण कर्नलबाहेरचे, परंतु लिनक्सच्या बहुतेक संचांत वापरल्या जाणाऱ्या 'एक्स-झेड' ह्या संक्षेपण-आज्ञावलीचे आहे. २०२४ च्या मार्चच्या २९ तारखेस आंद्रेस फ्रॉइंड ह्यांनी तीत हेतुपुरस्सर घातलेले चोरदार उघडकीस आणले. ते घालणारी, 'जिया टॅन' हे नाव धारण करणारी व्यक्ती २०२१ च्या ऑक्टोबरात प्रथम ह्या प्रकल्पाकडे आली ती एका निरुपद्रवी पॅचसह : संपादक-प्रोग्रामने रिकाम्या जागा व समास कसे ठेवावेत हे सांगणारी एक छोटी फाइल तिने देऊ केली होती. त्यापुढे दोन वर्षांहून अधिक काळ ती उपयुक्त कामे करीत राहिली व अखेर मेंटेनर झाली. नवागताने लहान दुरुस्तीने आरंभ करावा, हा जो उपदेश मार्गदर्शिका करतात, तो ह्या व्यक्तीने तंतोतंत पाळला होता. तेव्हा त्या पहिल्या पॅचमध्ये परीक्षकास काही सापडले नाही ह्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. त्यात सापडण्यासारखे काही नव्हतेच.

परंतु त्याच नावाने २०२१ च्या नोव्हेंबरात 'लिबआर्काइव्ह' ह्या दुसऱ्या प्रकल्पास पाठविलेला बदल निराळा होता. गठ्ठा उलगडताना दिसणाऱ्या इशाऱ्यात त्रुटीचा मजकूर जोडावा, एवढेच त्याच्या शीर्षकात म्हटले होते, आणि मजकूर खरोखरच जोडलेला होता. त्याच ओळींत मजकूर छापणारी सुरक्षित आज्ञा काढून तिच्या जागी साधी आज्ञा घातलेली होती. शीर्षकात तिचा उल्लेख नव्हता. तो बदल चर्चेशिवाय स्वीकारला गेला, आणि सुरक्षित आज्ञा तेथे परत आली ती २०२४ साली, एक्स-झेडचे प्रकरण बाहेर आल्यावर.